मुदतवाढ नको, हाताखाली माणूस द्या

संपादक महोदय,

मूल लहान असताना किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असताना स्त्री वैज्ञानिकाचे संशोधन मागे पडते, हे आता सगळे मान्य करतात. उपाय म्हणून मात्र बहुधा मुदतवाढ मिळते, नाहीतर वयात सवलत. प्रयोगशाळेत त्याने भागत नाही. तिथे वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवे माध्यम, म्हणजे त्यांना पोसणारा द्रव, घालावे लागते. आई रुग्णालयात आहे म्हणून पेशी थांबत नाहीत. त्या मेल्या की कित्येक महिन्यांचे काम जाते, शोधनिबंध लांबतो आणि पुढचे अनुदान हुकते.

म्हणून पैसा अडचणीच्या काळातच हाती पडायला हवा. १९९५ च्या नोबेल मानकरी क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी जर्मनीत २००४ मध्ये स्थापन केलेली संस्था तरुण शास्त्रज्ञ मातांना घरकामासाठी आणि मुले सांभाळण्यासाठी पैसे देते. अमेरिकेत डोरिस ड्यूक फाउंडेशनने २०१५ मध्ये घरची शुश्रूषा अंगावर असलेल्या तरुण डॉक्टर-संशोधकांसाठी निधी सुरू केला. त्यातून प्रयोगशाळेत मदतनीस नेमता येतो. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण बाई घरी अडकली तरी प्रयोग चालू राहतो.

असा निधी प्रत्येक संशोधन संस्थेने स्वतःच्या अंदाजपत्रकात ठेवावा. अर्ज एका पानाचा असावा आणि निर्णय काही आठवड्यांत व्हावा. आणि तो फक्त नव्या मातांपुरता नको. आजारी सासू-सासरे, अपंग भावंड यांची काळजी घेणारीलाही तितकाच हक्क मिळावा.

– एक वाचक