तुझ्या रक्तातली एक साखर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा रिपोर्ट वाचला. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच कळवतो, म्हणजे घरात सगळ्यांना वाचून दाखवता येईल. तुझा रक्तगट ओ नाही, बॉम्बे आहे. हा आजार नव्हे, रक्तात खोट नाही, तुझी तब्येत होती तशीच राहणार. पण यापुढे तुला ओ गटाचं रक्त चढवायचं नाही. कधीच नाही.

इतकी वर्षं ओ कसा निघत आला, हे तू विचारलंस. शिबिरात टाइलवर रक्ताचे थेंब घेऊन एकात अँटी-ए आणि दुसऱ्यात अँटी-बी मिसळतात. दोन्हीकडे गुठळी झाली नाही की कार्डावर ओ लिहितात. बॉम्बे गटही तिथे हुबेहूब असाच दिसतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त तुझ्या रक्ताशी जुळवून पाहताना, ओची एकही पिशवी जुळेना, तेव्हा तिथल्या टेक्निशियन मुलीने तुझा सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, ओच्या पेशींसोबत लावून पाहिला. नळी हलवल्यावर तळाची लाल गोळी सुटून पसरायला हवी होती. तुझ्या नळीत ती अख्खीच्या अख्खी वर उठली. मग तिने तुझ्या पेशी अँटी-एच लेक्टिनमध्ये, म्हणजे एच ओळखणाऱ्या द्रावणात घातल्या; एच काय ते पुढे सांगतो. हे यूलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. ओच्या पेशी त्यात लगेच गोळा होतात, तुझ्या मोकळ्याच राहिल्या. मी रक्तपेढीत इतकी वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, पिशव्या जुळत नाहीत म्हटल्यावर थांबून विचार करणारी अशी माणसं भेटायला नशीब लागतं. तिला माझा नमस्कार सांग.

आता आतलं सांगतो. आपल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर जी प्रथिनं आणि स्निग्ध रेणू असतात, त्यांच्यावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या जोडलेल्या असतात. याला ग्लायकोसिलेशन म्हणतात. प्रथिन कसं बनवायचं ते जनुकात अक्षराअक्षराने लिहिलेलं असतं, पण या साखळ्यांचा आराखडा कुठेच लिहिलेला नसतो. पेशीत गॉल्जी नावाचा भाग आहे. तिथली एन्झाइम्स एकामागून एक साखर जोडत जातात, आणि आधीची लागली नसेल तर पुढची लागतच नाही. मला या सगळ्या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

रक्तगटाच्या साखळीत फ्यूकोज नावाची साखर लागली की तयार होतो तो एच. ओ गटाच्या माणसाची साखळी तिथेच थांबते. ए गटात त्यावर आणखी एक साखर लागते, बी गटात वेगळी. एच ही खुंटी आहे, ए आणि बी तिच्यावरच टांगले जातात. तुझ्याकडे फ्यूकोज जोडणारं एन्झाइम चालत नाही, म्हणून खुंटीच नाही. तुझ्या शरीराने एच कधी पाहिलाच नाही, त्यामुळे ते त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बाळगून असतं. ओच्या पेशींवर तर एच सगळ्यात जास्त. ते रक्त तुला दिलं असतं तर पेशी आतल्या आत फुटल्या असत्या.

आणि हे नीट वाच, वहिनींनाही वाचायला दे. तुमच्या लेकीचा, मुक्ताचा, गट बी आहे. तुमच्या दोघांच्या कार्डांवर ओ, आणि ओ-ओचं मूल बी नसतं असं धरतात. त्यावरून नातेवाइकांत काय कुजबुज झाली होती, ते तू मला एकदाच सांगितलं होतंस, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. सुधीर, तुझ्याकडे बीचं जनुक आहे. खुंटी नाही म्हणून ते दिसत नव्हतं. मुक्ताला बी तुझ्याकडून मिळाला आणि एचचं चालणारं जनुक वहिनींकडून, म्हणून तिच्यात बी उघड दिसतो. ज्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं, त्यांना हा कागद दाखव.

हा गट पहिल्यांदा सापडला तो आपल्या मुंबईतच. डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. त्या लेखात इंग्लंडचे मॉर्गन आणि वॉटकिन्सही होते. त्याच वर्षी या दोघांनी ईल माशाच्या सीरमवर प्रयोग करून दाखवलं, की एच ओळखण्यात फ्यूकोजच मोक्याचा आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असं धरतात.

तुझ्यात फक्त एच बनवण्यापुरता फ्यूकोज लागत नाही, बाकीची कामं चालतात. पण १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यांचाही गट बॉम्बेच होता, मात्र त्यांच्या शरीरात फ्यूकोज कुठेच नीट लागत नव्हता. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबायला फ्यूकोज असलेली साखळी लागते. ती नसल्यामुळे त्या पेशी रक्तात ढिगाने फिरत राहायच्या आणि जंतुसंसर्गाच्या जागी पोचायच्याच नाहीत. मुलं वारंवार आजारी पडत, त्यांची वाढही खुंटली होती. पुढे असा आजार असलेल्या एका मुलाला तोंडाने फ्यूकोज दिल्यावर संसर्ग आटोक्यात आला. काहींना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. साखळ्या नीट न जोडल्या गेल्यामुळे होणाऱ्या अशा आजारांची यादी आता बरीच लांब झाली आहे, आणि त्यात लहान मुलंच जास्त, याचं मला फार वाईट वाटतं.

मधुमेहाशी याचा संबंध आहे का, असं वहिनींनी विचारलं होतं. नाही. तिथे जास्त झालेलं ग्लुकोज एन्झाइमशिवाय आपसूक हिमोग्लोबिनला चिकटतं, मधुमेहाच्या एचबीए१सी तपासणीत तेच मोजतात.

ऑपरेशन पुढे ढकललं ते बरं झालं. डॉक्टर हो म्हणाले तर आधी तुझंच रक्त काढून ठेवता येईल. साध्या पिशवीत ते ३५ दिवस टिकतं. नाशिकच्या दादाची आणि ताईची तपासणी आधी कर, सख्ख्या भावंडांत हा गट निघण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी करताना ‘अँटी-एच लावा’ असं स्पष्ट सांग, नाहीतर पुन्हा ओच लिहून देतील. पाकिटातलं जुनं कार्ड फाडून टाक. नवीन कार्ड आलं की त्याचा फोटो मला, मुक्ताला आणि वहिनींना पाठव. दादाचा रिपोर्ट आला की रात्र असली तरी फोन कर.

तुझा,
विनायक