करून राहिली, तर राहिली

प्रिय चिऊ,

रूमवरच्या मुली तुझ्या 'काय करून राहिली?'ला हसतात, म्हणून तू आता पुण्यात जपून बोलतेस म्हणे. हे ऐकून तुझी आई भडकलीच. "त्याईले म्हना, अमरावतीले येऊन बोलून दाखवा!" मी जरा शांतपणे लिहितो.

'करून राहिली'ला हिंदीचं वळण आहे, हे कबूल. पण ते काही टीव्हीवरून आलेलं नाही. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने. पुढे रघूजी भोसले आले, त्यांच्यामागे मराठे शिलेदार नि कारकून. १८५४ला इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१मध्ये मध्य प्रांताची राजधानी इथेच केली. मग जबलपूर, सागर, रायपूरचा माणूस कोर्टकचेरीला, नोकरीला नागपुरातच येणार. थेट १९५६पर्यंत हे चाललं. इतकी वर्षं हिंदीवाला साहेब, हिंदीवाला शेजारी आणि मारवाडी दुकानदार असल्यावर बोली कोरडी कशी राहील? सीताबर्डीच्या बाजारात भाव करताना मी स्वतः कधी हिंदीत घुसतो, मलाच कळत नाही.

आईच्या 'मले-तुले'चं मात्र हिंदीशी काही देणंघेणं नाही. तसला 'ले' तुला खानदेशात अहिराणीतही ऐकू येईल. नकाशा काढून बघ: पूर्णा तापीला मिळते, अचलपूरपासून बऱ्हाणपूर-जळगावपर्यंत सपाट काळी जमीन. बैलगाडीची वाट होती ती. पुण्याला जायचं तर घाट आणि डोंगर. त्यात वऱ्हाड १७२४पासून निजामाकडे. पेशव्यांचं पुणं त्याला परकंच. आजी 'केयी आन' म्हणायची, तेव्हा तू हसायचीस, आठवतं? 'ळ'चा 'य' करणारी ती एकटी नव्हती, अख्खं वऱ्हाड करतं.

शाळेच्या पुस्तकातली मराठी पुण्याकडच्या बोलीवर बेतली, कारण पेशव्यांची सत्ता तिथे होती आणि इंग्रजांनीही तीच वाट धरली. उलट लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्यग्रंथ, लिहिलं गेलं ते रिद्धपुरात, आईच्या माहेराजवळ, तेराव्या शतकात! हे रूमवर सांगशील तर भांडण होईल, पण सांगच.

पेपरात मात्र प्रमाण मराठीच लिही, मार्क तिलाच आहेत. मेसचे पैसे टाकले आहेत. दिवाळीचं तिकीट आताच काढ, मागच्यासारखं वेटिंगवर राहू नको.

तुझा,
बाबा