वकीलकाका, तपासाकडे बघायला शिकवलंत म्हणून

आदरणीय वकीलकाका,
सा. न. वि. वि.

२०१५ साली आपल्या निपाणीच्या दोन्ही अंगांना, एकाच महामार्गावरच्या दोन शहरांत, दोन वयोवृद्ध विचारवंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, ३० ऑगस्टला धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी. सीमाभागात एरवीही 'त्यांचे पोलीस, आपले पोलीस' चालतंच. त्यात हे. चहाच्या गाड्यावर रोज नवा खुनी ठरायचा आणि तपास दडपला जाणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

तुम्ही मात्र 'पोलिसांवर विश्वास ठेवा' असं कधी म्हणाला नाहीत. तपास कोणाकडं आहे, वर देखरेख कोणाची आणि पुरावा कुठं तपासला, एवढं आधी विचारा, म्हणायचात.

उमादेवी कलबुर्गींच्या याचिकेवर २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा तुमच्या सोप्यात बसून कन्नड पेपरातली बातमी तुम्ही ओळीवर बोट ठेवून आम्हाला मराठीत सांगितलीत. तपास बंगळूरच्या पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचं प्रकरण हाताळणाऱ्या विशेष पथकाकडं, देखरेख उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची. मग कपाटातली कात्रणं काढून झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं समजावलंत. पिस्तुलाची पिन पुंगळीवर आपली खूण सोडते. धारवाडच्या आणि बंगळूरच्या पुंगळ्यांवरच्या खुणा जुळल्या, म्हणून ७.६५ मिमीचं एकच गावठी पिस्तूल दोन्हीकडं वापरल्याचा निष्कर्ष प्रयोगशाळेनं काढला. पहिल्यांदाच कोणीतरी आम्हाला तर्क सोडून पुरावा दाखवत होतं. त्या दिवशी आमच्यातला एकही जण राज्याराज्यांवरून भांडला नाही.

१० मे २०२४ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. आम्ही संतापलो होतो. पुराव्याअभावी सुटका हाही न्यायच, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत, आणि तितक्याच ठामपणे हेही, की पुरावा का कमी पडला हे विचारायचा आपला हक्क आहे. सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, ही नाराजी तर न्यायालयानंच नोंदवली होती.

काका, या सगळ्याची फी तुम्ही कधी घेतली नाहीत, वेळ मात्र भरपूर दिलात. आता वाचनालयातली पोरं खुनाची बातमी पुढं ढकलण्याआधी 'तपास कोणाकडं?' असं विचारतात. तुमचे मनापासून आभार.

एक विनंती आहे. ती कात्रणं वाचनालयाला द्याल का? तारीखवार लावून, मराठी टिपण जोडून ठेवू.

आपला,
निपाणीचा एक वाचक