तीन चांदण्यांचा हिशेब

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य आणि उद्योगमंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझं अल्किड रेझिनचं, म्हणजे ऑइलपेंटचा पाया असलेल्या चिकट राळेचं, छोटं युनिट आहे. शिजवायची एक केटल, अकरा माणसं. तेल, ग्लिसरीन किंवा पेंटा (पेंटाएरिथ्रिटॉल) आणि थॅलिक अनहायड्राइड एकत्र शिजवून आम्ही रंगवाल्यांना रेझिन देतो. सॉल्व्हंट सोडलं तर शंभर किलो मालात पंचवीस-तीस किलो थॅलिकच असतं. थॅलिकचा भाव हलला की आमच्या पोटात गोळा येतो.

या थॅलिकवर आणि पेंटावर वेगवेगळ्या देशांच्या नावाने अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात इथे ओतलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, आजवर अनेकदा लागलं आहे. शुल्कच नको, असं म्हणायला हे पत्र नाही. माझे काका रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये (एचओसी) होते. ॲनिलिन, नायट्रोबेंझिन बनवणारा सरकारी कारखाना. स्वस्त आयातीने तो कसा पोखरला, हे आमच्या घरी जेवताना ऐकत मी मोठा झालो. 2017 साली तिथले जवळपास सगळे प्लांट बंद करायचं ठरलं. इस्रोला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तेवढा वाचला. देशी उत्पादकाला आधार देऊ नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

माझी तक्रार आहे ती हे शुल्क लावण्याआधी तुमच्याकडे होणाऱ्या चौकशीच्या पद्धतीबद्दल.

चौकशी सुरू झाल्याची अधिसूचना राजपत्रात आली की त्याच दुपारी मुंबईतल्या वडगादीच्या व्यापाऱ्याचा व्हॉट्सॲप येतो : ‘रेट रिवाइज्ड, स्टॉक लिमिटेड.’ शुल्काचा अजून पत्ता नसतो. चौकशीला वर्ष लागणार, वर सहा महिन्यांची मुदतवाढ नियमातच आहे. तरी भिवंडीच्या गोदामात आधीपासून पडलेल्या गोण्याही रातोरात महाग होतात. देशी थॅलिकचा भावही आयातीच्या भावाकडे बघूनच ठरतो, तोही चढतो.

मी स्वतः आयात करत नाही. महिन्याला आठ-दहा टन माल व्यापाऱ्याकडून उचलतो. त्यामुळे आयातदारांच्या यादीत मी नाही आणि ही चौकशी करणाऱ्या तुमच्या व्यापार उपचार महासंचालनालयाची प्रश्नावली माझ्या दारात येत नाही. कच्चा माल वापरणाऱ्या उद्योगांनाही म्हणणं मांडता येतं, हे नियमात आहे, मी वाचलंय. एकदा हिय्या करून शुल्क मागणाऱ्या देशी उत्पादकाच्या अर्जाची गोपनीय नसलेली प्रत उघडली. त्याचं नुकसान मांडणाऱ्या भागात खर्च, नफा, भांडवल, जिथे बघावं तिथे आकड्याऐवजी तीन-तीन चांदण्या (***). बाजूला निर्देशांक : पहिलं वर्ष 100, पुढचं त्याहून कमी. ते शंभर म्हणजे किती रुपये, ते अर्जदाराला आणि दिल्लीलाच ठाऊक. धंद्याची गुपितं झाकावीत, कबूल. पण चांदण्या मोजून मी खोडून काय काढणार? वकिलाकडे गेलो, तर त्यांची फी ऐकून चहा अर्धा टाकून उठलो.

एक आकडा मात्र उघड आहे. देशी उत्पादकाला परवडेल ती किंमत काढताना त्याच्या गुंतवलेल्या भांडवलावर 22 टक्के परतावा धरायची तुमच्याकडे जुनी प्रथा आहे. अंबरनाथमध्ये 22 टक्के सुटणारा रेझिनवाला दाखवा, मी केटल विकून त्याच्याकडे नोकरीला जातो.

शुल्क लागतं ते बहुतेक वेळा डॉलर प्रति टन, आणि पाच-पाच वर्षांसाठी. मालाचा भाव पडला तरी ते तेवढंच आणि रुपया घसरला की आपोआप जास्त. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, याचं मिळत नाही. निर्यातदाराने ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी मिळणाऱ्या शुल्कमाफीच्या परवान्यावर, माल आणला तर त्याला माफ. म्हणजे भार उरतो तो देशातच विकणाऱ्यावर, आणि आमचा रंगवाला नव्वद दिवसांशिवाय पैशाचं नाव काढत नाही.

मागणं फार नाही. वापरणाऱ्यांसाठी दोन पानी फॉर्म काढा, मराठीत, गुजरातीत : महिन्याला माल किती लागतो, खर्चात त्याचा वाटा किती, कामगार किती. जिल्हा उद्योग केंद्रातून भरून घ्या, वकील लागायला नको. आणि शुल्काची शिफारस करताना त्यातून पुढच्या मालाची किंमत किती चढेल, त्या धंद्यात माणसं किती, हे आकड्यांत लिहायला लावा. चांदण्यांविना. शिफारशीवर निर्णय घ्यायला अर्थ मंत्रालयाला तीन महिने असतात. त्यांच्या टेबलावर तोही कागद असू दे. आणखी एक : शुल्क लागू झाल्याच्या अधिसूचनेआधी बंदरातून सुटलेल्या बोटीतला माल शुल्कातून वगळा. भर समुद्रात भाव बदलला तर व्यापारी तो माझ्याच बिलात घालतो.

तुमचे अधिकारी हिशेब पडताळायला उत्पादकांच्या कारखान्यात जातात. एकदा आमच्याकडेही पाठवा. खरेदीची वही टेबलावरच असते. सकाळी आले तर बरं. बॅच दुपारनंतर उतरते, तेव्हा बोलायला कुणाला फुरसत नसते.

आपला,
अंबरनाथचा एक रेझिनवाला