फ्युसेनच्या वाटेवरच्या अनोळखी माणसांचे आभार

जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन किल्ला बघायला आम्ही फ्युसेन गावाकडे निघालो, तेव्हा म्युनिक स्थानकात तिकीट यंत्रापाशी थांबून ‘बायर्न तिकिटा’वर (बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं रेल्वे तिकीट) प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहायला लावणाऱ्या बाई, मनापासून आभार. नाव नसेल तर तपासनीस तिकीट मानत नाही, आणि कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं.

गाडीत समोर बसलेल्या आजोबांचं ऋण तर मोठंच. फ्युसेनला पोचायला दोन तास. काही गाड्या थेट, काहींना बुखलोला बदल. तिथली जोडगाडी हुकली की नॉयश्वानस्टाइनच्या तिकिटावर छापलेली वेळही हुकते, मग आत सोडत नाहीत. फ्युसेनहून ७३ किंवा ७८ नंबरची बस, किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावापासून वर अर्धा-पाऊण तास चढ, लेकरं बरोबर असली तर जास्तच. म्हणून म्युनिकहून चार तास हाताशी ठेवा, हा त्यांचा हिशेब अगदी चोख होता.

किल्ल्याच्या दारावरच्या ताई, बाबागाडी आत चालत नाही हे सांगून ती ठेवायची जागाही तुम्ही दाखवलीत. आणि बसचालक दादा, बर्फ असला की किल्ल्याजवळचा मारिएन पूल बंद ठेवतात, हे उतरण्याआधीच सांगितलंत. लहानग्यांची उगाच पायपीट वाचली. तुम्हा सगळ्यांचे फार फार आभार.