नाव न सांगता गेलेल्या त्या दोघांस

बंद गाडीभोवती सल्ले देणारे पुष्कळ जमतात, बॉनेट उघडून हात काळे करणारे विरळाच. तुमचे मनापासून आभार!

सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. बॅटरी गेली, असं बघ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही मल्टिमीटर लावलात: 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांगितलंत. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. काटा 2 व्होल्टच्या पुढे गेला, म्हणजे दोष बॅटरीत नाही, त्या जोडात. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, त्याला पांढऱ्या-हिरव्या क्षारांचा पातळ थरही नडतो. दिव्यांचं थोड्याशा करंटवर भागतं, ते लागतात, म्हणून फसगत होते.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी, हे पाना उचलण्यापूर्वीच बजावलंत. खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुतली, शिसं चकाकेपर्यंत घासली, क्लॅम्प आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. बॉडीकडे जाणारी अर्थची वायरही कसलीत (तिच्याकडे कोण बघतं!).

पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. नव्या बॅटरीचा खर्च वाचला, तो तुमच्यामुळे.