नाखवाकाका, वहीत फक्त एक नारळ आहे

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या नाखवाकाकांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाईलवरून वाचून दाखवेल. तिला म्हणावं, जरा मोठ्याने वाच. एके काळी तुम्ही खाडीतून हाक मारलीत की आम्हाला मैदानात ऐकू यायची, आता तुमच्याच कानाशी ओरडावं लागतं.

गेले दोन महिने मी आपल्या क्लबचा इतिहास लिहायला बसलोय. क्लब कसला, मुळात ते मित्र मंडळ. गणपती, सत्यनारायण, कॅरम, भिंतीवरचा फळा, त्यावर रोज बदलणारा (आणि पुष्कळदा न बदलणारा) सुविचार, दहावी पास झालेल्यांना कंपासपेटी. फुटबॉल कुणाच्या गावीही नव्हता. तो कसा घुसला हे शोधायला कागदपत्रं हवीत, तर ती २६ जुलै २००५ ला गेली. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या खोलीत पाणी किती चढलं ते मोजायला मात्र कोणी नव्हतं. फोटो, हजेरीपट, पावतीपुस्तकं, सगळ्याचा लगदा झाला. माळ्यावर टाकलेली जमाखर्चाची एक वही तेवढी वाचली.

त्या वहीत तुमच्याबद्दल एकच ओळ आहे. ‘जाळी – नारळ १.’ पुढचा रकमेचा रकाना रिकामा. नारळसुद्धा खजिनदाराने घरूनच आणला असणार.

ती ओळ वाचली आणि इतिहास बाजूला ठेवून आधी हे पत्र लिहायला घेतलं.

काका, सुरुवात १९८६ च्या जूनमध्ये झाली. मेक्सिकोचा वर्ल्ड कप दूरदर्शनवर लागायचा, आपल्याकडे रात्री साडेअकराला. अर्जेंटिना-इंग्लंड मॅच बघायला मंडळाचा अख्खा कॅरम क्लब एका घरात कोंबून बसला होता. मॅराडोनाने आधी हाताने गोल घातला आणि चार मिनिटांनी स्वतःच्या हाफमधून बॉल नेत, वाटेतल्या सगळ्यांना चकवत दुसरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलात अकरा मॅराडोना उभे होते आणि पास द्यायला एकही नव्हता.

पण टीम झाली ती वेगळ्याच माणसामुळे. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला आलेले कोल्हापूरचे एक गृहस्थ आमच्या चाळीत राहत. मंडळाची पोरं नुसती गणपतीत नाचतात याचं त्यांना नवल वाटे. त्यांच्या गावात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल अशा तालमी आणि तरुण मंडळंच शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात, पेठेच्या पेठा त्यांच्या मागे असतात. ‘मंडळ आहे, पोरं आहेत, मग टीम का नाही?’ असं त्यांनी विचारलं. वडीलधाऱ्यांनी ‘चिखल तुडवायला वर्गणी मिळणार नाही’ असा ठराव केला. तरी टीम झाली. गंजीफ्रॉक बादलीत निळे रंगवले, पहिल्याच पावसात रंग सुटला, समोरच्या टीमचे पांढरे गंजीही निळसर झाले. हाफटाइमनंतर कोण कोणाचा हेच कळेना.

खरं भांडण मात्र रंगाचं नव्हतं, गोलचं होतं. गणपतीच्या मांडवाचे बांबू रोवून आम्ही पोल केले होते, वर सुतळी. बॉल पोलच्या आतून गेला की बाहेरून, यावर प्रत्येक मॅच थांबायची. रेफरी म्हणजे ज्याला खेळायला घेतलं नाही तो, त्याचं ऐकणार कोण? पश्चिमेच्या पोरांशी झालेल्या एका मॅचमध्ये ‘आत होता’, ‘बाहेर होता’ करता करता अंधार पडला आणि ज्याचा बॉल तो बॉल घेऊन घरी गेला. वर, नसलेल्या जाळीतून सुटलेला बॉल दर दहा मिनिटांनी खाडीच्या चिखलात. ओहोटी असली तर गुडघाभर रुतत जायचं, भरती असली तर बॉलवर पाणी सोडायचं.

असाच भरतीबरोबर चाललेला बॉल तुम्ही होडीतून उचलून आणलात. बांबूंकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘मागं जालं नाय? मंग मासा रवंल कसा?’

(तुमची भाषा मला नीट लिहिता येत नाही. नात हसली तर हसू दे.)

अलीकडेच कळलं म्हणून सांगतो. गोलच्या मागे जाळं लावायची कल्पना इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एका इंजिनिअरची, जॉन अलेक्झांडर ब्रॉडी त्याचं नाव. त्याच्याही पुढ्यात आमच्यासारखंच ‘आत की बाहेर’ भांडण झालं होतं म्हणे. १८९१ मध्ये त्याची जाळी पहिल्यांदा मैदानात लागली. पुढे नवी दिल्ली कुठे वसवायची हे ठरवणाऱ्या समितीत आर्किटेक्ट लुट्येन्सबरोबर हाच ब्रॉडी होता. म्हणजे राजधानी आखणाऱ्या माणसाला जे सुचलं ते तुम्हाला होडीत बसल्या बसल्या सुचलं. त्याने पेटंट घेतलं. तुम्ही नारळ घेतलात.

पहिलं जाळं फसलं होतं, आठवतं? डोल जाळ्याच्या, म्हणजे तुमच्या त्या लांब पिशवीसारख्या जाळ्याच्या, शेपटाकडचा बारीक आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं भोक, हे नातीसाठी) तुकडा तुम्ही आणलात. जुलैचा वारा त्यात शिडासारखा भरला आणि बांबूंसकट अख्खा गोल माझ्या अंगावर आला. मी गोलकीपर, त्यामुळे हे मी विसरणं शक्य नाही. मग तुम्ही डोलीच्या तोंडाकडची मोठ्या आसाची जाळी कापलीत. मी ती ताणून बांधायला गेलो तर हातावर चापट मारलीत. जाळं ताठ ठेवलं तर बॉल उसळून परत मैदानात येतो आणि भांडण तिथेच राहतं, ढिलं सोडलं तर बॉल पोटात घेऊन बसतं. खाली कडेला शिसं ओवलं होतंत, हाताने फेकायच्या पागाला असतं तसं, म्हणजे बॉल खालून निसटायला नको.

त्या दिवसापासून भांडण संपलं. बॉल जाळ्यात दिसला की गोल, नाही तर नाही. मॅचेस पूर्ण व्हायला लागल्या, पूर्ण होतात म्हणून बाहेरच्या टीम यायला लागल्या, टीम येतात म्हणून वडीलधारेही खुर्च्या टाकून बसायला लागले आणि अखेर वर्गणीही मिळाली. इतिहासात मी स्थापनेची तारीख काय लिहायची ती लिहीन. माझ्या लेखी आपला क्लब त्या जाळ्यापासून सुरू होतो.

मोसमही कसा जुळला बघा. आमचा फुटबॉल पावसाळ्यातला आणि तुमची जाळी दुरुस्तीला निघायची तीही पावसाळ्यातच. नारळी पौर्णिमेच्या आत आमचं जाळं तुमच्या ओट्यावर पोचवायचं आणि बरोबर एक नारळ, एवढाच करार. पैसे दिले तेव्हा तुम्ही रागावलात, तो राग मी पुन्हा कधी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला तेव्हा दिसली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी खाडीत उतरत गेलं, मासळी कमी होत गेली. तुमच्या ओट्यावर आधी डोलीचे ढीग असायचे, मग दोन-तीन जाळी, मग एखादं. एका वर्षी नारळ घेऊन आलो तर ओट्यावर फक्त आमचंच जाळं होतं. मी म्हणालो, ‘काका, या वर्षी लवकर होईल ना?’ तुम्ही ‘होईल’ म्हणालात. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आता त्याच खाडीला फ्लेमिंगोंमुळे २०१५ पासून अभयारण्याचा आणि २०२२ पासून रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा आहे, लोक बोटीतून पक्षी बघायला येतात. तुमची होडी मात्र किनाऱ्याला लागली ती लागलीच.

२००५ च्या पुरात जाळं वाचलं ते केवळ तुमच्या आढ्याला टांगलेलं होतं म्हणून. मंडळाची खोली बुडाली, कपाट बुडालं, ट्रॉफ्यांना गंज चढला. महिन्याभराने मॅच झाली ती त्याच जाळ्यावर.

आणि आता कबुली. मंडळाची स्मरणिका निघाली तेव्हा मी संपादक मंडळात होतो. आभाराच्या पानावर नगरसेवक, मांडववाले, लाऊडस्पीकरवाले, चहावाले, जाहिरातदार सगळे आहेत. तुम्ही नाही. कोणी मुद्दाम गाळलं नाही, कोणाला सुचलंच नाही. जाळं कसं, बॉल लागल्याशिवाय त्याच्याकडे बघतो कोण? गोलकीपर तर त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. माझ्या मागे बॉल जाळ्यात शिरताना होणारा तो ‘सर्र’ आवाज मी आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकला असेल (कीपर म्हणून मी कसा होतो ते यावरून कळेल), पण ती जाळी विणणाऱ्याचं नाव छापायचं डोक्यात आलं नाही. त्याची माफी या पत्रात मागतो. नव्या इतिहासात पहिलं पान तुमचं असेल.

आता पोरं टर्फवर खेळतात, तासाचे पैसे भरून. तिथे गोललाच काय, चारही बाजूंना आणि डोक्यावरही जाळं असतं. बॉल कुठेच जात नाही, म्हणून तो आणून द्यायला कोणी येतही नाही. वर्षातून एक रविवार मात्र आम्ही अजून मातीतच खेळतो आणि तुमचं जाळं बाहेर काढतो. उन्हाने नायलॉन ठिसूळ झालंय, तरी पोट तसंच आहे.

यंदाही काढलंय. डाव्या पोलजवळ वरच्या कोपऱ्यात तीन आस सुटलेत. मी बुटाच्या नाडीने बांधून ठेवलेत, पण गाठ तुमच्यासारखी बसली नाही. रविवारी रिक्षा पाठवतो. आलात की तेवढं बघा. नारळ आणून ठेवलाय.

तुमचा,
डाव्या हाताचा गोलकीपर